डीजेसाठी सेकंडहँड सीडी डेक घेताय? पैसे देण्याआधी डेक असा तपासा

सीडीवर डीजे करणारी माणसं अजून भरपूर आहेत. कुणाकडे पंधरा वर्षांत जमवलेल्या सीड्यांचे फोल्डरच्या फोल्डर आहेत, कुणाला स्क्रीनकडे न बघता कानाने बीटमॅच, म्हणजे दोन गाण्यांचा ताल जुळवणं, शिकायचंय, कुणाच्या साऊंडवाल्या काकांकडे डेक, म्हणजे डीजेचे सीडी प्लेअर, पडून आहेत आणि आता जोडीचा दुसरा शोधायचाय. पण नवीन डेक मिळायची वाट जवळपास बंद झालीये. पायोनियरच्या ज्या सीडीजे सिरीजवर जगभरचे क्लब वाढले, तिच्यातल्या २०२० च्या सीडीजे-३००० मध्ये सीडी टाकायची खाचच ठेवली नाही. २०१६ चं सीडीजे-२००० नेक्सस २ सीडी घ्यायचं, त्यानंतर मोठ्या मॉडेलमधून सीडी गेली ती गेलीच. म्हणजे आज सीडी डेक घ्यायचा तर तो बहुतेक वापरलेलाच असणार, आणि वापरलेला म्हणजे कुठे वापरलेला हे बघणं आलं. क्लबच्या एसीत वापरलेला आणि गणपतीच्या मिरवणुकीत गुलालात वापरलेला डेक फोटोत अगदी सारखे दिसतात, फरक आत असतो.

माझं मत आधीच सांगतो. मॉडेलच्या नावापेक्षा त्या एका पीसची तब्येत महत्त्वाची. थकलेला सीडीजे-२००० घेण्यापेक्षा ठणठणीत सीडीजे-८०० घ्या. वरातीत गाणं मध्येच अडकलं तर स्क्रीन किती इंचाची आहे हे कुणी विचारत नाही.

आधी स्वतःचं काम ठरवा

फक्त साध्या ऑडिओ सीडी वाजवायच्या आणि मिक्सिंग शिकायचं असेल तर १९९८ चं सीडीजे-१००एस सुद्धा चालेल, छोटा जॉग (हाताने फिरवायची गोल थाळी) आहे, हात ठेवून ग्रामोफोनच्या रेकॉर्डसारखं थांबवता येत नाही, पण बीटमॅचसाठी लागणारं सगळं आहे. रेकॉर्डसारखा हात चालवायचा असेल तर २००१ मध्ये आलेलं सीडीजे-१००० आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्या बघा, किंवा त्याचंच धाकटं भावंड सीडीजे-८००. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, पहिलं सीडीजे-१००० आणि त्याचं मार्क २ एमपीथ्री सीडी वाचत नाहीत, ते काम २००६ च्या मार्क ३ पासून सुरू झालं. बरेच जण एमपीथ्रीच्या सीड्या घेऊन बसतात आणि मग डेक खराब आहे म्हणून विकणाऱ्याशी भांडतात.

सीडी आणि पेनड्राइव्ह दोन्ही हवं असेल तर सीडीजे-४००, ३५०, ८५०, आणि २००९ मध्ये आलेले ९०० व २०००. यातलं ३५० स्वस्तात मिळतं पण त्यात रेकॉर्डसारखा मोड नाही. माझा स्वतःचा कल दोन्ही चालणाऱ्या डेककडे आहे, कारण उद्या लेझर गेला तरी डेक पेनड्राइव्हवर चालत राहतो, भंगारात जात नाही.

आपल्याकडे मंडपवाल्यांकडे अजून एक प्रकार दिसतो, रॅकमध्ये बसणारा डबल सीडी प्लेअर, वर कंट्रोलर आणि खाली दोन ट्रे. स्वस्त मिळतो, मजबूतही असतो, पण बहुतेकांत दोन्ही बाजूंना पॉवर सप्लाय एकच, तो गेला की दोन्ही डेक एकदम गप्प. आणि कंट्रोलर व प्लेअर जोडणारी केबल सोबत मिळतेय ना ते बघाच, ती वेगळी शोधायला गेलात तर पायपीट होते.

शक्यतो एकाच मॉडेलची जोडी घ्या. वेगवेगळे डेक असले की एकाचा जॉग हलका, दुसऱ्याचा जड, एकाचं क्यू बटण (गाणं ठरवलेल्या जागेवरून वाजवणारं) इकडे, दुसऱ्याचं तिकडे, आणि हाताला सवय लागतच नाही. शिवाय जोडी असली की एका डेकवरून दुसऱ्याची परीक्षा घेता येते, ते पुढे सांगतोच.

सोबत काय न्यायचं

विकणाऱ्याच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नका. माझ्या पिशवीत हे असतं: कंपनीची छापील ओरिजिनल सीडी, शक्यतो सत्तर मिनिटांच्या वर भरलेली, घरी बर्न केलेल्या दोन अगदी सारख्या ऑडिओ सीडी, एक थोडी ओरखडे पडलेली जुनी सीडी, एक एमपीथ्री सीडी, एफएटी३२ फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह, स्वतःचा हेडफोन, छोटा मिक्सर, डेक मिक्सरला जोडायला चांगली आरसीए केबल आणि टॉर्च. मिक्सर का, तर या बहुतेक डेकना हेडफोनचं भोक नसतं, आणि समोरच्याच्या स्पीकरवर ऐकलं तर घरघर डेकची की स्पीकरची ते कळत नाही. पेनड्राइव्ह एनटीएफएस असेल तर हे डेक तो वाचणार नाहीत, तेव्हा घरूनच तपासून न्या.

आणि वेळ काढून जा. दहा मिनिटांत डेक बघून होत नाही, तास दीड तास लागतो. समोरचा घाई करत असेल, "दादा दुसरा गिऱ्हाईक यायचाय" म्हणत असेल, तर सरळ दुसऱ्या दिवशीची वेळ मागा.

प्लग लावायच्या आधी

डेक उलटा करून मागची पट्टी वाचा. आपल्याकडे २३० व्होल्ट आहे, जपानचा माल १०० व्होल्टचा असतो, अमेरिकेचा १२० चा. काही मॉडेल सगळ्या व्होल्टेजवर चालतात, काही नाही, आणि बाहेरून आलेला माल इथल्या बाजारात फिरत असतो. १०० व्होल्टचा डेक २३० वर लावला की संपलंच. असा डेक स्वस्त मिळत असेल तर योग्य ताकदीचा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर कायम सोबत वागवायची तयारी ठेवूनच घ्या, कारण एखाद्या रात्री घाईत कुणीतरी सरळ बोर्डात प्लग घालतोच.

मग स्क्रू बघा. डोकी खरवडलेली असतील तर डेक उघडलेला आहे. उघडलेला असणं वाईट नाही, पण काय दुरुस्त केलं ते विचारा. टॉर्च घेऊन सीडीच्या खाचेत आणि बटणांच्या फटीत बघा. गुलाबी पावडर दिसली तर थांबा. गुलाल इतका बारीक असतो की तो पिच फेडरमध्ये (गाण्याची गती कमीजास्त करणारी सरकती पट्टी), रोलरवर, लेन्सवर, सगळीकडे जाऊन बसतो. मी एकदा एका मित्रासाठी असाच डेक उघडून बघितला होता, बाहेरून चकचकीत पुसलेला, आणि आतल्या लेन्सवर फिकट गुलाबी थर, सीडी तीनदा टाकली की एकदा वाचायचा. लेन्स पुसल्यावर चालला, पण पिच फेडर शेवटी बदलावाच लागला.

सीडी टाकून बघणं, इथेच खरी परीक्षा

आधी डेक थंड असताना ओरिजिनल सीडी टाका. आत ओढताना आवाज एकसारखा यायला हवा. अडखळत, कुरकुरत ओढत असेल तर रोलर घाण झालेत किंवा झिजलेत. मग स्क्रीनवर ट्रॅकची संख्या आणि वेळ यायला किती सेकंद लागतात ते मोजा. नेमका आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो, पण एकाच डेकवर एकच सीडी दरवेळी साधारण तेवढ्याच वेळात वाचली गेली पाहिजे. एकदा चार सेकंद, एकदा पंधरा, एकदा एरर, असं झालं की लेझर थकत आलाय किंवा लेन्स घाण आहे. पायोनियरच्या डेकवर ई-७२०१ दिसलं तर सीडीच्या सुरुवातीची यादीच वाचता आली नाही असं समजा, आणि ई-९१०१ दिसलं तर आतलं मेकॅनिझम वेळेत हललं नाही. पहिलं कधीकधी नुसत्या साफसफाईने जातं, दुसरं दिसलं की मी तो डेक सोडून देतो.

सीडी दहा वेळा टाका, दहा वेळा काढा. समोरच्याला विचित्र वाटेल, वाटू द्या.

आता सगळ्यात कमी लोक करतात ती गोष्ट, शेवटचा ट्रॅक वाजवा. सीडी आतून बाहेर वाचली जाते. साध्या प्लेअरमध्ये सीडी आतल्या कडेला मिनिटाला साधारण ५०० फेरे घेते आणि बाहेरच्या कडेला २०० च्या आसपास, आणि लेझर ज्या गाडीवर बसलाय ती गाडी पूर्ण रुळभर सरकते. विकणारा नेहमी पहिलं गाणं वाजवून दाखवतो आणि पहिलं गाणं जवळपास कुठलाही डेक वाजवतो. सत्तर मिनिटांच्या पुढचं गाणं लावा, ते पाच मिनिटं चालू द्या, मग पहिल्यावर उडी मारा, परत शेवटच्यावर, असं सात आठ वेळा. कान डेकजवळ नेऊन ऐका. गाडी सरकल्याचा हलका सुर्र आवाज ठीक, पण टकटक किंवा खरखर करत जागा शोधत असेल तर रूळ कोरडे पडलेत किंवा गिअर गेलाय.

हेच सगळं बर्न केलेल्या सीडीवर करा, कारण तुम्ही नव्वद टक्के वेळा तीच वापरणार आहात. बर्न केलेली सीडी लेझरचा प्रकाश छापील सीडीपेक्षा थोडा कमी परत पाठवते, म्हणून थकलेला लेझर आधी तिच्यावरच अडतो. शेवटी ओरखड्यांची सीडी. तिच्यावर थोडंफार अडखळणं मी माफ करतो, पण जोडीतला एक डेक ती वाजवतोय आणि दुसरा थुंकून टाकतोय, तर कोणता आधी जाणार ते तुम्हाला आजच कळलं.

बटणं, फेडर आणि जॉग

क्यू आणि प्ले ही दोन बटणं सगळ्यात जास्त मार खातात. क्यू पॉइंट किकवर, म्हणजे गाण्यातल्या ड्रमच्या जड ठोक्यावर, सेट करा आणि बटण तालात वीस वेळा दाबा, टक टक टक. वीस दाबले तर वीस किक ऐकू आल्या पाहिजेत. अठरा आल्या किंवा बावीस आल्या तर आतला छोटा स्विच झिजलाय. यात घाबरायचं काही नाही, हा स्विच स्वस्त असतो आणि पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला असले स्विच मिळून जातात, हात चांगला असलेला रिपेअरिंगवाला तासाभरात बसवतो. पण भाव करताना ही गोष्ट बोला.

पिच फेडर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी हळू सरकवा आणि आकडे बघा. ते क्रमाने बदलले पाहिजेत, मध्येच उड्या मारायला नकोत. मग फेडर मधोमध ठेवून हात काढा आणि मिनिटभर नुसतं बघत राहा. आकडा आपोआप हलतोय का? हललेला आकडा छोटा वाटतो पण हिशोब करून बघा. गती ०.१ टक्का जरी चुकली तर मिनिटाला ६० मिलिसेकंद फरक पडतो, आणि १२८ बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १२८ बीटच्या, गाण्यात दोन बीटमधलं अंतरच साधारण ४६९ मिलिसेकंद असतं. म्हणजे दोन मिनिटांच्या लांब मिक्समध्ये गाणी सरळ घोड्यासारखी टापा टाकायला लागतात. सीडीजे-१००० मध्ये ±६ टक्क्यांच्या रेंजमध्ये फेडर ०.०२ टक्क्याच्या पायऱ्यांनी चालतो, मिनिटाला १२ मिलिसेकंद, त्यामुळे बारीक मिक्ससाठी मी कायम ±६ वरच ठेवतो आणि घेताना ती रेंज आहे का ते बघतो.

आता जोडीची परीक्षा. दोन सारख्या बर्न केलेल्या सीड्या दोन डेकमध्ये टाका, तेच गाणं, दोन्ही पिच शून्यावर, दोन्हीकडे क्यू एकाच किकवर, आणि दोन्ही प्ले एकदम दाबा. जॉगला हलके धक्के देत जुळवत आणा. जुळलं की आवाज बदलतो, विमान डोक्यावरून जावं तसा पोकळ सुंईई आवाज गाण्यात फिरायला लागतो. आता हात मागे घ्या आणि पाच मिनिटं ऐका. चांगली जोडी असेल तर तो पोकळ आवाज तसाच टिकतो किंवा फार हळू बदलतो. तो लवकरच फुटून दोन वेगळ्या किक ऐकू यायला लागल्या तर एक डेक पळतोय. मग दोन्हीचा पिच +३ वर नेऊन परत तेच. हे ऐकायला कुठलं मशीन लागत नाही, तुमचा कान पुरतो, आणि डेकबद्दल जे कळतं ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

जॉगची वरची थाळी दाबली की गाणं थांबलं पाहिजे, सोडली की लगेच चालू. घड्याळात बारा, तीन, सहा, नऊ असतात त्या चारही जागी एका बोटाने दाबून बघा, एखादी बाजू मेलेली असते. त्याहून वाईट उलटा प्रकार, न दाबता आपोआप स्पर्श लागणं. चालू गाण्यात अर्ध्या सेकंदाची गचकी आली आणि तुमचा हात जॉगवर नव्हता, तर तो डेक कार्यक्रमाला नेण्याच्या लायकीचा नाही, थाळीखालचा सेन्सर बदलल्याशिवाय तरी नाहीच. जॉगची कड फिरवताना दाणेदार वाटत असेल तर बेअरिंगमध्ये धूळ आहे.

आरसीए केबल लावून सॉकेटपाशी हलकेच हलवा, एका बाजूचा आवाज जातोय का बघा. मग डेक ज्या टेबलावर आहे त्या टेबलावर तळहाताने ठोका, आधी हळू मग जरा जोरात. डेक पुढचं वाचून मेमरीत ठेवत असतात, त्यामुळे साध्या ठोक्याने गाणं अडकायला नको.

आणि हे सगळं झाल्यावर डेक तासभर वाजत ठेवा, चहा घ्या, मग सीडी टाकणं काढणं आणि शेवटचा ट्रॅक परत करा. काही डेक थंड असताना गुणी असतात आणि गरम झाले की सीडी ओळखेनासे होतात. कार्यक्रम तर पाच तासांचा असतो.

काय चालवून घ्यायचं, काय नाही

स्विच, फेडर, घाण लेन्स, सैल सॉकेट, ही कामं होतात, त्या बदल्यात किंमत कमी करून घ्या. लेझर किंवा पूर्ण सीडी ड्राइव्ह गेलेली असेल तर त्या मॉडेलचा पार्ट हातात मिळतोय याची खात्री करूनच पुढे जा, "मिळून जाईल" या भरवशावर नाही. गेलेला डिस्प्ले आणि मेन बोर्ड, हे मी घेतच नाही. बंद पडलेला तिसरा डेक त्याच मॉडेलचा स्वस्तात मिळाला तर मात्र जरूर घ्या, पार्ट काढायला त्याच्यासारखं काही नाही.

डेक घरी आल्यावर

निम्म्या तक्रारी डेकच्या नसतात, सीडीच्या असतात. चांगल्या कोऱ्या सीडी वापरा, अगदी फुल स्पीडला बर्न करू नका, एका दमात पूर्ण सीडी बर्न करून ती फायनलाइज करा, म्हणजे लिहिणं पूर्ण करून बंद करा, नाहीतर डेक ओळखणार नाही. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडी टाळा, त्या प्रकाश फारच कमी परत पाठवतात. वर कागदी स्टिकर चिकटवू नका, गरम डेकमध्ये तो सुटतो आणि खाचेत अडकून बसतो. नाव मार्करने लिहा. प्रत्येक सीडीची दुसरी प्रत ठेवा आणि गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात सीडीचं फोल्डर ठेवू नका.

सीडी आत अडकलीच तर सुरीने उचकटू नका. खाचेच्या डेकना बहुतेक समोर एक बारीक छिद्र असतं, डेक बंद करून प्लग काढा, सीडी फिरायची थांबेपर्यंत मिनिटभर थांबा आणि पिन सरळ आत दाबा.

पावसाळ्यातली गोष्ट कळकळीने सांगतो कारण मी ती भोगलीये. जुलैमधलं लग्न होतं, डेक एसी गाडीतून थेट ओलसर हॉलमध्ये उतरवले, लगेच चालू केले, आणि दोन्ही डेक एकही सीडी वाचेनात. नवरीकडचे काका दर दोन मिनिटांनी येऊन "काय झालं रे बाळा" विचारत होते आणि माझे हात थरथरत होते. गार लेन्सवर बाफ धरली होती, बाकी काही नव्हतं. तासाभराने आपोआप चालले. तेव्हापासून डेक दीड दोन तास आधी नेऊन हॉलच्या हवेत उघडे ठेवतो आणि मगच सीडी टाकतो.

लेन्स साफ करायची तर प्लग काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने जेमतेम ओला केलेला कापसाचा बोळा, अगदी हलक्या हाताने, घासायचं नाही. झाकण उघडं ठेवून डेक चालू करून आत डोकावू नका, सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्याला धड दिसत नाही पण इजा करू शकतो. ब्रशवाल्या क्लिनिंग सीडी खाचेच्या डेकमध्ये मी घालत नाही.

जनरेटरवर काम असेल तर डेक आणि मिक्सर वेगळ्या स्टॅबिलायझरवर लावा, लाईट आणि अँप्लिफायरच्या बोर्डावर नाही. सबवूफरवर टेबल टेकवू नका, डेकखाली जाड फोम घाला. मिरवणुकीत वर प्लास्टिक टाकायचं असेल तर हवा जायला मागची बाजू मोकळी ठेवा आणि सीडी टाकून झाली की खाचेवर ओला न केलेला स्वच्छ रुमाल पसरा, गुलालाची पहिली मूठ उधळायच्या आत. परत आणताना आतली सीडी काढून, डेक आडवा ठेवून आणा.

घेतलेली जोडी पहिल्या कार्यक्रमाला नेण्याआधी घरी सलग एक पूर्ण रात्र वाजवा, त्याच सीड्यांवर आणि त्याच केबलवर, आणि मिक्सरच्या तिसऱ्या चॅनेलला मोबाईल लावून त्यात दोन तासांची गाणी भरून ठेवा.